गीता १८.६३ : देवाच्या नावाचं मतदान



अठराव्या अध्यायात आपण आज ६३व्या श्लोकापर्यंत आलो. श्लोक छोटा आहे आणि घाईत वाचला तर हातातून सुटतो, कारण सगळ्यांचं लक्ष पुढच्या ६६व्या श्लोकाकडे लागलेलं असतं. या श्लोकात भगवंत अर्जुनाला म्हणतात की गुह्याहूनही गुह्य असं ज्ञान मी तुला सांगून झालो. आता यावर पूर्ण विचार कर, काही शिल्लक ठेवू नकोस, आणि मग तुझी जशी इच्छा असेल तसं कर.

जरा थांबून बघा, हे कोण बोलतंय आणि कुठे. ज्याने अकराव्या अध्यायात विश्वरूप दाखवलं, ज्याच्या दाढांत दोन्हीकडचे योद्धे चिरडताना अर्जुनाने पाहिले, तो बोलतोय. समोर सैन्य उभं आहे, शंख वाजून गेलेत, वेळ नाही. 'ऊठ, बाण मार' एवढं म्हणाला असता तरी अर्जुनाची नाही म्हणायची काय प्राज्ञा होती? पण इतकं सगळं सांगून शेवटी तो लगाम ढिला करतो. घोड्यांचा नाही, अर्जुनाचा.

मागच्या आठवड्यात एका वाचकाने प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी मुद्दाम या श्लोकापर्यंत राखून ठेवलं. प्रश्न असा: 'दादा, आपला देश एवढा श्रद्धाळू, मग आपल्या संविधानाच्या सुरुवातीला देवाचं नाव का नाही? हे देव न मानणाऱ्यांचं काम होतं का?'

प्रश्न चांगला आहे, आणि त्याच्या मागची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. शाळेत आपण उद्देशिका पाठ केली, पण ती मंजूर होताना काय झालं ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नव्हतं. निदान माझ्या तरी नव्हतं.

तारीख १७ ऑक्टोबर १९४९. दिल्लीत संविधान सभा भरली आहे, अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्र प्रसाद. जवळजवळ सगळं संविधान मंजूर झालंय आणि आता उद्देशिका चर्चेला आली आहे. हरी विष्णू कामत उभे राहतात. हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे प्रतिनिधी. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेला माणूस, त्यामुळे हौसेखातर देवाचं नाव घेणारा नक्कीच नव्हे. त्यांची दुरुस्ती अशी की 'आम्ही, भारताचे लोक' याच्या आधी 'ईश्वराच्या नावाने' हे शब्द घालावेत. आणि त्यासाठी त्यांनी आधार कशाचा घेतला? गीतेचा! नवव्या अध्यायातला २७वा श्लोक सभागृहात म्हटला. आपण त्याच्यावर याच ब्लॉगवर तीन दिवस बोललो होतो: जे करशील, जे खाशील, जे होमात घालशील, जे देशील, जे तप करशील, ते सगळं मला अर्पण कर. कामतांचं म्हणणं होतं की एवढ्या कष्टाने केलेलं हे काम आपण देवाला अर्पण करू या.

आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी हात वर केला असता? मला वाटतं, भरपूर जणांनी.

पण सभागृहात वेगळंच घडलं. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले. कामाख्येच्या भूमीतला माणूस. त्यांनी विचारलं की देवाचंच नाव का, देवीचं का नाही? आम्ही शाक्त आहोत, देवीला वगळून नुसतं देवाचं नाव घेणं आम्हाला मान्य नाही. हे गमतीने की गंभीरपणे, तुम्ही ठरवा. पण ज्या घरात कुलदैवत देवी आहे आणि आराध्य विठ्ठल, त्या घराला हा प्रश्न नीट कळेल. शिब्बनलाल सक्सेना यांना देवाबरोबर महात्मा गांधींचंही नाव हवं होतं. पंडित गोविंद मालवीय यांची सूचना परमेश्वराच्या कृपेचा उल्लेख करणारी होती, आणि त्यात कंसात असंही होतं की जगातले वेगवेगळे लोक त्याला वेगवेगळ्या नावांनी ओळखतात. एका ओळीत सगळ्यांना सामावायचं म्हटलं की असंच होतं. डेव्हलपर मंडळींना हे कळेल, प्रत्येक एज केस हाताळता हाताळता फंक्शन दोन पानांचं होतं.

पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनवलं की देवावर मत देण्याची वेळ आमच्यावर आणू नका. हे वाक्य मला फार आवडतं. त्यात देव नाकारणं नाही, उलट संकोच आहे. आईवर प्रेम आहे का, हात वर करून सांगा, असं कोणी वर्गात विचारलं तर जो संकोच वाटेल, तसला.

आणि मग पट्टम थाणू पिल्लै. त्रावणकोरचे. त्यांचा मुद्दा सरळ होता. मी स्वतः देव मानतो हा प्रश्न वेगळा. पण संविधानाने माणसाला मानण्याचा आणि न मानण्याचाही हक्क दिला आहे. हे शब्द घातले तर श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होणार नाही का? पंडित हृदयनाथ कुंझरू यांनीही तेच वेगळ्या शब्दांत मांडलं. हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं होतं की जी गोष्ट माणसाच्या इतकी जिव्हाळ्याची आहे, तिच्यात सामूहिक मत कोणावर लादायचं नाही. देवाचं नाव घेऊन आपण उलट मनाचा कोतेपणाच दाखवू.

कामतांनी सूचना मागे घेतली नाही. मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. दुरुस्ती फेटाळली गेली. कामतांनी हा आपल्या इतिहासातला काळा दिवस आहे असं म्हटलं आणि भारताचं रक्षण करण्यासाठी त्याच देवाला साकडं घातलं.

मंडळी, मला कामतांबद्दल वाईट वाटतं. त्यांच्यावर हसू नका. त्यांची भक्ती खरी होती. पण मी त्या सभागृहात असतो तर ६८ मध्ये बसलो असतो, आणि तेही गीतेमुळेच.

९.२७ पुन्हा बघा. भगवंत एका माणसाशी बोलत आहेत. 'तू' जे करशील ते. अर्पण फक्त स्वतःच्या वस्तूचं करता येतं. शेजाऱ्याच्या झाडाची फुलं न विचारता तोडून वाहिली तर पूजा होते, पण नैवेद्याच्या आधी शेजाऱ्याशी भांडण होतं. कामत आपलं काम अर्पण करू शकत होते, त्यांना कोणी अडवलं नव्हतं. पण 'आम्ही, भारताचे लोक' यात सगळेच आले. देव न मानणारा आला. ज्यांच्या परंपरेत जगाचा कर्ता ईश्वर नाही असे जैन आणि बौद्ध आले. त्यांच्या वतीने अर्पण कोण करणार?

यावर लगेच येणारं उत्तर मला माहीत आहे: 'पण बहुसंख्य लोक तर मानतात ना? मग दोन शब्दांनी काय बिघडतं?'

त्याच वर्षी, सात महिने आधी, शेजारी काय झालं ते पाहू. १२ मार्च १९४९ ला कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेने उद्दिष्टांचा ठराव मंजूर केला. संपूर्ण विश्वावरची सत्ता अल्लाची आहे, या भूमिकेवर तो उभा होता. लियाकत अली खान यांनी तो मांडला. अल्पसंख्याकांना त्यांचा धर्म पाळता येईल, अशी हमीही त्यात होती. तरीही पूर्व बंगालमधले हिंदू सदस्य, श्रीशचंद्र चट्टोपाध्याय त्यांचे नेते, त्याच्या विरोधात उभे राहिले. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या मान्य झाल्या नाहीत.

आता त्या बाकावर स्वतःला बसवून बघा. तुम्ही कृष्णाचे भक्त. ढाक्याच्या किंवा बारिसालच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तुळशीवृंदावन आहे. आणि तुमच्या देशाचा पहिलाच कागद सांगतो की हा देश अमुक एका श्रद्धेच्या पायावर उभा आहे, पण काळजी करू नका, तुम्हालाही राहता येईल. तुमची पूजा कोणी बंद केलेली नाही. तरी घरात असून पाहुणा झाल्यासारखं वाटेलच ना? तिथे ठराव करणाऱ्यांची श्रद्धाही खरीच असेल, त्यावर मला शंका घ्यायची नाही. प्रश्न श्रद्धेच्या खरेपणाचा नाहीच. तिच्या हातात शिक्का आला की समोरच्याला काय वाटतं, एवढाच आहे.

आमच्या सोसायटीतलं एक उदाहरण सांगतो, छोटंच आहे. गणपतीची वर्गणी दरमहाच्या मेंटेनन्स बिलात घालावी अशी सूचना सर्वसाधारण सभेत आली. सोय म्हणून. दारोदार फिरायला नको, ऑटो डेबिट होऊन जाईल. सगळ्यात जास्त विरोध कोणी केला असेल? जे काका रोज पहाटे अथर्वशीर्षाची आवर्तनं करतात त्यांनी. म्हणाले, 'अहो, बिलातून गेली तर ती वर्गणी कसली, ते तर पाणीपट्टीसारखं झालं. बाप्पासाठी माझ्या दारात या, बेल वाजवा, मी देतो. आणि ज्याला नसेल द्यायची त्यालाही दार उघडून नाही म्हणू द्या.' सूचना बारगळली. मला त्या दिवशी थाणू पिल्लै आठवले.

थाणू पिल्लैंचं गावही इथे महत्त्वाचं आहे. ते ज्या त्रावणकोरमधून आले, ते संस्थान अधिकृतपणे देवाचंच होतं. १७५० मध्ये राजा मार्तंड वर्मा यांनी आपली तलवार आणि राज्य तिरुवनंतपुरमच्या श्रीपद्मनाभस्वामींच्या चरणी ठेवलं, आणि तिथून पुढे प्रत्येक राजा 'पद्मनाभदास' म्हणून राज्य करत आला. म्हणजे कामतांना जे दोन शब्द हवे होते त्याहून कितीतरी पुढची गोष्ट. राज्याचा मालकच देव! ऐकायला किती छान वाटतं. पण त्याच राज्यात खालच्या मानलेल्या जातींच्या भक्तांना देवळात पाऊल ठेवता येत नव्हतं. वैकमला तर देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावं म्हणून १९२४-२५ मध्ये सत्याग्रह करावा लागला. संस्थानाची मंदिरं सर्व हिंदूंना उघडण्याचा जाहीरनामा निघाला १२ नोव्हेंबर १९३६ ला. म्हणजे राज्य देवाच्या नावावर झाल्यानंतर १८६ वर्षांनी. थाणू पिल्लै हे मनात धरून बोलले असं मी म्हणत नाही, मला फक्त हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघावंसं वाटतं.

आणि आपण तरी त्रावणकोरकडे बोट का दाखवावं? वारकऱ्यांच्या पंढरीत चोखोबांची समाधी कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. महाद्वाराच्या बाहेर. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनी २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू केला, तो काही वर्षं चालला, पण दार उघडलं नाही. 'संविधानात देव का नाही' असं विचारताना हेही लक्षात असू द्या की ज्याने संविधानाचा मसुदा सांभाळला, त्याला आणि त्याच्या माणसांना देवाच्या दारातून आपणच परत पाठवलं होतं.

२९ एप्रिल १९४७ ला संविधान सभेने मूलभूत हक्कांमध्ये अस्पृश्यता नष्ट करणारं कलम स्वीकारलं. त्यानंतर दोनच दिवसांनी, १ मे रोजी, साने गुरुजी पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मागणी एकच, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं करा. दिल्लीत कायद्याचं वाक्य तयार होत होतं आणि इथे एक भक्त अन्न सोडून बसला होता. गुरुजींनी त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवलं होतं. शेवटी मंदिर उघडलं. पुढे संविधानात १७वं कलम आलं, आणि २५व्या कलमात सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरं हिंदूंच्या सर्व वर्गांना उघडण्यासाठी कायदा करता येईल अशी तरतूद आली. उद्देशिकेत ज्याचं नाव नाही, त्याच्या दाराची कडी याच संविधानाने काढली. पुंडलिकाच्या विटेवर उभ्या असलेल्याला यातलं कशाचं अप्रूप असेल, नावाचं की कडीचं? माझं मत तुम्हाला कळलं असेलच.

बरं, देवाचं नाव संविधानात अजिबात नाही असंही नाही. शपथविधी टीव्हीवर बघता ना? कोणी 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' म्हणतो, कोणी 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणतो. दोन्ही पर्याय संविधानातच दिलेले आहेत आणि निवड शपथ घेणाऱ्याची. यूआय करणाऱ्या मंडळींना सांगतो, हा आधीच टिक केलेला चेकबॉक्स नाही. रिकामे दोन पर्याय आहेत. जो देवाला साक्षी ठेवतो तो स्वतः ठेवतो, म्हणून त्याला काही अर्थ आहे. (तो पुढे पाळतो की नाही हा वेगळा विषय, त्यावर चिंतन नको, रक्तदाब वाढतो.)

उद्देशिकेतही श्रद्धा, विश्वास आणि उपासना हे शब्द आहेत, फक्त ते स्वातंत्र्य या शब्दाला जोडून आले आहेत. आणि २५व्या कलमाच्या मराठी अनुवादात एक शब्द आहे जो वाचून मी एकदम सुखावलो: सदसद्विवेकबुद्धी. कीर्तनातून ऐकत आलो तो शब्द. नित्य काय, अनित्य काय, खरं काय, खोटं काय हे आतून पारखायची बुद्धी. तिचं स्वातंत्र्य प्रत्येकाला. आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला जे म्हणाले की पूर्ण विचार कर, ते नेमक्या याच बुद्धीला उद्देशून आहे.

आता सगळ्यात गोड गोष्ट. संविधानाची मूळ प्रत हाताने लिहिलेली आहे आणि तिची पानं नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनमधल्या त्यांच्या शिष्यांनी सजवलेली आहेत. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला भारताच्या इतिहासातलं किंवा पुराणातलं एक दृश्य. तिसरा भाग मूलभूत हक्कांचा. तिथे राम, सीता, लक्ष्मण आहेत, लंकेहून परतताना. पुढे बुद्ध आहेत, महावीर आहेत, अकबर आहे, शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत. आणि चौथ्या भागावर? कुरुक्षेत्र. अर्जुनाला गीता सांगणारा कृष्ण!

चौथा भाग कसला आहे माहीत आहे? मार्गदर्शक तत्त्वांचा, कलमं ३६ ते ५१. गावाला पंचायत असावी, समान कामाला समान वेतन असावं, लोकांचं आरोग्य सुधारावं, अशी राज्याने काय करावं याची शिकवण. आणि ३७वं कलम सांगतं की ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत, राज्याने कायदे करताना ती लावणं हे त्याचं कर्तव्य आहे, पण कोणत्याही न्यायालयातून त्यांची अंमलबजावणी करून घेता येणार नाही.

बघा हं. मूलभूत हक्क मोडला तर सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. चौथ्या भागासाठी तसं नाही. तिथे सांगितलंय सगळं, तळमळीने सांगितलंय, कर्तव्य म्हणूनही सांगितलंय, पण मानगूट धरलेली नाही. आणि नेमक्या त्याच पानावर तो सारथी उभा आहे, ज्याने सगळं सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हटलं, विचार कर आणि तुला हवं तसं कर. हे कोणी मुद्दाम जुळवलं असं मी म्हणत नाही. पण मी ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

सक्ती नसली की कोणी करणारच नाही, हा आपला लाडका समज. चौथ्या भागातलं बरंच काही राहून गेलं, हे खरंच आहे. पण ४०व्या कलमातली गावपंचायत पुढे ७३व्या घटनादुरुस्तीने प्रत्यक्ष आलीच, १९९३ मध्ये. तेहतीस वर्षांत नाही, त्रेचाळीस वर्षांत. अर्जुनालाही ६३व्या श्लोकानंतर लगेच उत्तर द्यावं लागलेलं नाही. ७२व्या श्लोकात भगवंत त्याला विचारतात, एकाग्र चित्ताने ऐकलंस ना, मोह गेला का? आणि ७३व्यात तो स्वतःहून म्हणतो की संशय गेला, तुम्ही सांगाल तसं करीन. मधल्या नऊ श्लोकांत तो 'नाही' म्हणू शकला असता. म्हणून त्या 'करीन'ला वजन आहे.

त्या वाचकमित्राला एवढंच सांगेन: ते काम देव न मानणाऱ्यांचं नव्हतं. विरोधात बोलणाऱ्यांमध्ये देव मानणारे होते, आणि बाजूने बोलणारे कामतही आपलेच. पुढच्या वेळी ऑफिसात किंवा घरच्या ग्रुपवर हा वाद निघाला तर १७ ऑक्टोबर १९४९ चं कामकाज वाचायला द्या, संसदेच्या संकेतस्थळावर इंग्रजीत आहे. मूळ सचित्र प्रतही स्कॅन केलेली मिळते. चौथा भाग उघडून रथ बघा, मग खालची कलमं सावकाश वाचा.

उद्या श्लोक ६४. अर्जुनाला मोकळं सोडल्यावरही भगवंतांना राहवत नाही आणि ते पुन्हा बोलायला लागतात, का, ते बघू.

राम कृष्ण हरी!